चिकित्सेचा तिसरा पाद

गेल्या महिन्याच्या टपालांत अकोल्याच्या एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पत्र मोठें आहे. त्याचा आशय थोडक्यांत देतों. त्यांची कन्या शासकीय महाविद्यालयांतून वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. शासनाच्या खर्चानें शिकल्याबद्दल एक वर्ष शासकीय सेवा करण्याचा जो करार असतो, त्यानुसार तिची नेमणूक मेळघाटांतील एका प्राथमिक आरोग्यकेंद्रावर होण्याचा संभव आहे. घरांत दोन पक्ष पडले आहेत. वडिलांचें म्हणणें, दंडाची रक्कम भरून मोकळें व्हावें आणि मुलीनें पुढील परीक्षेच्या अभ्यासास लागावें. मुलीचें म्हणणें, जाऊन तर पाहूं. आईचें मन दोहोंमध्यें घुटमळत आहे. त्या विचारतात, "तेथें दवाखाने आहेत, औषधें आहेत, गाड्या आहेत असें सरकार सांगतें, आणि तरीहि मुलें दगावतात असें वर्तमानपत्र सांगतें. मग आमची एकटी मुलगी तेथें जाऊन करणार तरी काय?"

कोणाच्या घरगुती निर्णयांत हात घालण्याचा या सदराचा रिवाज नाहीं. परंतु या भगिनीचा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाहीं. वऱ्हाडांतील ज्या ज्या सुशिक्षित घरांत मुलगा अगर मुलगी डॉक्टर होत आहे, त्या प्रत्येक घरास तो आज ना उद्यां पडणार आहे. म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करूं.

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील धारणी व चिखलदरा हे दोन तालुके. सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांचा हा प्रदेश. सिपना, खंडू, खापरा, गाडगा, डोलार या नद्या येथल्या दऱ्यांतून वाहत जाऊन तापीस मिळतात. वस्ती मुख्यत्वें कोरकू लोकांची. त्यांची भाषा मराठीची बहीण नव्हे आणि हिंदीचीहि नव्हे. ती मुंडा कुळांतील, म्हणजे संथाळी व मुंडारी यांची नातलग. तीनशेंवर गांवें डोंगरांत विखुरलेलीं आहेत. अमरावतीहून धारणी सुमारे १५० किलोमीटर. वाट परतवाडा, सेमाडोह, हरिसाल अशी घाटांतून जाते. पावसाळ्यांत नाले भरले म्हणजे कित्येक गांवांचा जगाशीं संबंध तुटतो. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत जावयाचें तर अमरावतीपासून पुढें पुन्हां जवळजवळ तितकेंच अंतर.

१९९३ सालीं येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनीं सारा महाराष्ट्र हादरला. प्रकरण उच्च न्यायालयापुढें गेलें, आणि तेव्हांपासून जनहितयाचिका, आदेश व अहवाल यांची मालिका चालूच आहे. शासन स्वस्थ बसलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. नवसंजीवन योजना आली. २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झालें. २०१५ सालीं गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचें पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू झाली. सपाटीच्या प्रदेशांत ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावें असा दंडक आहे. आदिवासी भागांत तो २०,००० चा आहे. उपकेंद्रासाठीं हेच आंकडे ५,००० व ३,००० असे आहेत. धारणी व अचलपूर येथें उपजिल्हा रुग्णालयें, चिखलदरा व चुर्णी येथें ग्रामीण रुग्णालयें आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ सालीं अमरावतीसहि तें सुरू झालें.

मग अडतें कोठें? आमच्या भगिनीचा प्रश्न नेमका हाच आहे.

संस्कृताच्या एका जुन्या शिक्षकास या प्रश्नाचें उत्तर शोधतांना चरकसंहितेची आठवण व्हावी हें साहजिक आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायांत, ज्यास खुड्डाकचतुष्पाद म्हणतात, चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, मिळून सोळा. वैद्य हा चौघांत मुख्य, हें खरें; पण चरकानें चिकित्सा त्याच्या एकट्याच्या पायावर उभी केली नाहीं. चौपायीचा एक पाय आंखूड असला म्हणजे उरलेले तीन कितीहि मजबूत असोत, ती डगमगतेच. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी. औषधाच्या गुणांत पहिला गुण सांगितला आहे तो बहुता, म्हणजे विपुलता. औषध कितीहि गुणकारी असलें तरी हवें तेव्हां हातीं नसेल तर तें नसल्यासारखेंच. आणि रोग्याच्या गुणांत ज्ञापकत्व हा एक गुण सांगितला आहे. आपल्यास काय होतें आहे तें वैद्यास सांगतां येणें, हा तो गुण.

आतां ही चौपायी मेळघाटांत नेऊन ठेवूं या. वैद्य नेमलेला असतो, पण त्याची जागा रिकामी पडते, अगर भरली तर वर्षाकाठीं माणूस बदलतें. औषध बहुतेक वेळां असतें. रोगी तर आहेच. परंतु तो ज्या भाषेंत कण्हतो ती भाषा वैद्यास येत नाहीं. कोरकू माता मुलास घेऊन धारणीस येते. तेथून "पुढें न्या" असें सांगितलें जातें. मग अचलपूर, मग अमरावतीचें डफरीन अगर इर्विन, आणि तेथूनहि कधीं नागपूर. प्रत्येक पायरीवर माणसें नवीं, भाषा नवी, खिडकी नवी. घरीं दुसरीं दोन मुलें, नवऱ्याची बुडालेली मजुरी, परत जाण्याच्या भाड्याची चिंता. अशी बाई रात्रीं कोणास न सांगतां मुलास घेऊन वॉर्डांतून निघून गेली म्हणजे आपण तिला अडाणी म्हणून मोकळे होतों. चरक तिला अडाणी म्हणणार नाहीं. तो म्हणेल, रोग्याचा ज्ञापकत्व हा गुण येथें तुम्हीं चालूंच दिला नाहीं, आणि परिचारक तर कोठें दिसतच नाहीं.

अंतर म्हणजे केवळ मैलांचा हिशेब, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे याचें उदाहरण आमच्या पत्रलेखिकेच्याच अकोला जिल्ह्यांत घडलें आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतील केलपाणी, गुल्लरघाट इत्यादि कांहीं गांवें उठवून अकोट व तेल्हारा तालुक्यांत, म्हणजे सपाटीवर, वसविण्यांत आलीं. कागदावर पाहिलें तर दवाखाना जवळ आला, रस्ता जवळ आला, बाजार जवळ आला. असें असूनहि २०१७ सालीं आणि पुन्हां २०१९ च्या जानेवारींत यांपैकीं कित्येक कुटुंबांनीं परत जंगलाची वाट धरली. २०१९ सालीं तर वनखात्याच्या लोकांशीं झटापटहि झाली. नव्या जागीं आजार व मृत्यू वाढले, जमीन व सोयी कबूल केल्याप्रमाणें मिळाल्या नाहींत, ही त्यांची तक्रार होती. या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण एवढें खास कीं, माणसास दवाखान्याजवळ नेऊन ठेवल्यानें दवाखाना माणसाजवळ येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, पण ते लोक भूमकाकडे जातात, मुलांच्या पोटावर डाग देतात, त्याचें काय? ती गोष्ट खरी आहे आणि भयंकर आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत चिखलदरा तालुक्यांतील अवघ्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याची बातमी आपण सर्वांनीं वाचली. अंगावर कांटा आला. तथापि आपल्या स्वतःच्या घरांचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहावा. अंधाऱ्या कोंदट खोलींत बाळंतीण ठेवणें, शेगडीच्या धुरांत तिला व बाळाला कोंडणें, नाळेस राख लावणें, हें आपल्या पणज्यांच्या वेळीं आपल्याच घरांत होत होतें. आणि सहाव्या-सातव्या दिवशीं बाळ धनुर्वातानें गेलें म्हणजे सटवीच्या नांवें बोट दाखविलें जात होतें. आपल्या घरांतून हें गेलें तें कोणीं आपला उपहास केला म्हणून नव्हे. शिकलेली सुईण घरीं येऊं लागली, लस घरापर्यंत आली, आणि जिच्यावर विश्वास ठेवावा असें कोणीतरी उशापाशीं बसूं लागलें, म्हणून तें गेलें. २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वातापासून भारत मुक्त झाल्याचें जाहीर झालें, त्यामागें हीच मुकी मेहनत आहे. भूमकाकडे लोक जातात याचें मोठें कारण भूमका जवळ असतो, त्यांच्या भाषेंत बोलतो आणि रात्रीं हांक मारली तर येतो, हें आहे. वैद्यानें हे तीन गुण त्याजकडून घेतले तर कमीपणा येण्याचें कारण नाहीं.

म्हणजे उणीव आहे ती मुख्यत्वें तिसऱ्या पादाची, परिचारकाची. चरकानें परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता. हे गुण खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रीच्या अंगीं बाणूं शकतात कीं नाहीं, याची कसोटी विदर्भांतच लागली आहे, आणि ती साऱ्या जगानें पाहिली आहे.

गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९३ पासून हा प्रयोग मांडला. एकीकडे ३९ गांवें, तुलनेसाठीं दुसरीकडे ४७ गांवें. ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांस शिकवून तयार केलें. बाळ जन्मलें कीं त्याचें वजन करणें, त्यास उबदार गुंडाळणें, आईचें दूध लौकर पाजविणें, ताप पाहणें, श्वास मोजणें, आणि रक्तांत जंतुदोष झाल्याचीं लक्षणें दिसतांच नेमून दिलेलें औषध व इंजेक्शन देणें, इतकें सारें त्या करूं लागल्या. खेडवळ बाई तान्ह्या बाळास सुई टोचणार, या कल्पनेनेंच पुष्कळ तज्ज्ञांच्या भुंवया वर गेल्या होत्या. फळ काय आलें? पूर्वीं त्या गांवांत हजारीं ६२ अर्भकें पहिल्या महिन्यांत मरत. तिसऱ्या वर्षीं तो आंकडा सुमारे २६ वर आला, आणि तुलनेच्या गांवांत तो ६० च्या घरांतच राहिला. १९९९ सालीं 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय साप्ताहिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

यांत जादू कोठेंच नाहीं. अर्भकाचा मृत्यू बहुधा तीन वाटांनीं येतो : जन्मतः कमी वजन, थंडी आणि जंतुदोष. या तिन्ही वाटा झोंपडींतूनच जातात. म्हणून पहारा झोंपडींत बसवावा लागतो. न्यूमोनियाचेंच पाहा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटास ५० अगर अधिक होऊं लागला तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, असा नियम आहे. हें मोजण्यास घड्याळ हवें, एक मिनिटाची शांतता हवी, आणि त्या मिनिटाला तेथें हजर असलेलें माणूस हवें. डॉक्टर वीस मैलांवर आहे. तें मिनिट येथें आहे.

२००५ सालीं देशभर 'आशा' नेमण्यास सुरुवात झाली आणि २०११ सालीं नवजात बालकांच्या गृहभेटींचें काम त्यांजकडे सोंपविण्यांत आलें. दवाखान्यांत बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीं आशानें जावयाचें; घरींच बाळंतपण झालें असेल तर पहिल्या दिवशींहि. या साऱ्या फेऱ्या पुऱ्या केल्याबद्दल त्या वेळीं ठरलेली रक्कम होती २५० रुपये. एका फेरीस चाळीस रुपयांच्या आसपास पडले. हा हिशेब आमच्या गृहिणींनीं स्वतःच करून पाहावा. आणि तिला पदवी दिली आहे स्वयंसेविकेची. म्हणजे काम नोकराचें आणि नांव उपकाराचें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभीं महाराष्ट्रांतील आशांस मोबदल्यासाठीं संप करून मुंबईच्या मैदानांत बसावें लागलें. तेव्हां कोठें राज्यशासनानें मासिक ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. तिसऱ्या पादास आपण सत्कारास पुढें बोलावतों आणि पगाराच्या वेळीं मागें उभा करतों. चौपायी डगमगते याचें नवल कां वाटावें?

मग वैद्याचें काम काय उरलें? पुष्कळ उरलें, आणि तें मेळघाटांत करून दाखविणारीं माणसें आहेत. शेगांवचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरास शिकून बैरागडास गेले, आणि पुढें डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्या सहधर्मचारिणी म्हणून त्याच वाटेनें गेल्या. पहिल्या तपासणीस दोन रुपये आणि पुन्हां आल्यास एक रुपया, ही त्यांची फी सर्वांस ठाऊक झाली आहे. २०१९ सालीं उभयतांस पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या चरित्रांत फीपेक्षां दुसरी गोष्ट मोलाची वाटते. मुलें न्यूमोनियानें मरतात तीं अंगावर पांघरूण नाहीं आणि पोटांत अन्न नाहीं म्हणून, आणि अन्न नाहीं तें हाताला काम नाहीं म्हणून, असें दिसतांच हे वैद्य शेतीकडे वळले. पिकांचे प्रयोग केले, रेशनच्या धान्याकडे लक्ष घातलें. धारणीजवळ उतावली येथें डॉ. आशिष सातव व नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव यांनीं 'महान' संस्थेचें रुग्णालय उभें केलें. त्यांनीं रुग्णालयाबाहेर गांवच्या स्त्रियांस शिकवून घरोघरीं बालसेवा चालविली, आणि शासकीय रुग्णालयांतून आदिवासींच्या भाषेंत बोलणारे समुपदेशक ठेवण्याचा प्रघात पाडला. रोग्याच्या ज्ञापकत्वास यांनीं वाचा दिली असेंच म्हटलें पाहिजे.

आणि आमच्या अमरावतीकरांस तर हा मार्ग नवा नाहीं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं तपोवन वसविलें, तेव्हां कुष्ठरोग्यास गांवांत पाऊल ठेवूं देण्यास लोक तयार नव्हते. जो वैद्याच्या दारीं येऊं शकत नाहीं त्याच्या दारीं वैद्यानें जावें, हा धडा त्यांनीं अमरावतीच्या वेशीवरच घालून दिला. या सर्वांनीं केलें एकच : वैद्य राहून त्यांनीं उरलेले तीन पाद मजबूत केले. वैद्य मुख्य आहे याचा खरा अर्थ हाच असावा.

तेव्हां, भगिनी, आपल्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. चि. कन्येस जाऊं द्यावें. मात्र त्यागमूर्ति म्हणून ओंवाळून पाठवूं नये. पगारी सेविका म्हणून ताठ मानेनें पाठवावें. तिच्या वडिलांस मी आदरपूर्वक सांगेन कीं, सरकारचें काम आपल्या मुलीनें कां करावें हा प्रश्न येथें उद्भवत नाहीं. ती सरकारची डॉक्टर म्हणूनच जात आहे, आणि तिच्या शिक्षणाचा मोठा भाग ज्यांच्या करांतून आला त्यांत मीठ-तेल विकत घेणारा कोरकूहि आहे. परंतु तुम्हां उभयतांची काळजी निराधार नाहीं. २०२४ च्या ऑगस्टांत कलकत्त्यास एका तरुण महिला डॉक्टरचा रुग्णालयांतच अंत झाला, त्यानंतर कोणत्या आईस सुखानें झोंप येईल? म्हणून मुलगी रुजूं होण्यापूर्वीं एकदां वडिलांनीं स्वतः जाऊन पाहावें. राहण्याच्या खोलीस बळकट दार व कडी आहे काय, पाणी व दिवा आहे काय, रात्रीं सोबतीस परिचारिका असते काय, दूरध्वनि कोठपर्यंत लागतो. नसेल तर लेखी मागावें, आणि मिळेपर्यंत मागत राहावें. ही मागणी आपल्या मुलीपुरती नाहीं. तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येक मुलीची ती सोय आहे. मेळघाटांत डॉक्टर टिकत नाहीं याचीं कारणें शोधतांना या दाराकडे व कडीकडे फार थोडे लोक पाहतात.

मुलीस माझा निरोप सांगावा. पहिल्या महिन्यांत कोरकूचे शंभर शब्द वहींत उतरून घ्यावे. दुखणें, ताप, दूध, श्वास, कधीपासून, किती वेळां, भिऊं नको. शब्द विचारावयाचे ते आशाला. आठवड्यांतून एक दिवस तिच्यासंगें पायीं गृहभेटीस जावें, आणि गांवकऱ्यांसमोर तिला कधीं हडसूं नये. कारण डॉक्टर वर्षानें जाईल, आशा तेथेंच राहणार आहे. भूमकाशीं भांडूं नये. त्याच्याशीं बोलावें, आणि त्यानें एक मूल वेळेवर पाठविलें तर चारचौघांत त्याचे आभार मानावे. रुग्णास अमरावतीस पाठविलें तर चिठ्ठी देऊन थांबूं नये, दुसऱ्या दिवशीं तेथें दूरध्वनि करून विचारावें कीं, पोंचला काय आणि कोणीं पाहिलें. एका वर्षांत मेळघाट बदलणार नाहीं. पण श्वास मोजणाऱ्या दहा स्त्रिया ती अधिक तरबेज करून आली, तर तिचें वर्ष कोणत्याहि परीक्षेपेक्षां कमी मोलाचें ठरणार नाहीं. आणि न जाण्याचा निर्णय झाला, तर त्याचा दोष मी देणार नाहीं, फक्त मग बालमृत्यूची बातमी वाचून "सरकार काय करतें?" असें म्हणण्याचा आपला आवाज जरा खालीं यावा.

ज्यांच्या घरांत कोणी डॉक्टर नाहीं त्या वाचकांनीं मात्र आपली सुटका झाली असें समजूं नये. दिवाळीचे व होळीचे सण आटोपले म्हणजे मेळघाटांतील कुटुंबें कामासाठीं खालीं उतरतात. परतवाडा, अमरावती, अकोला येथें इमारतींच्या कामांवर, वीटभट्ट्यांवर, मळ्यांवर तीं आपल्यास दिसतात. आपल्या शेजारच्या नव्या घराचा गिलावा त्यांच्याच हातचा असतो. अडतीस वर्षें हजेरीपत्रक भरलेला मी माणूस आहे. पटावर ज्याचें नांव नाहीं तो मुलगा आला काय आणि न आला काय, कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. डोंगरांतील अंगणवाडीच्या पटावरून या मुलांचें नांव मागें राहतें आणि शहरांतील पटावर तें चढत नाहीं. लस चुकते ती येथें, वजन घटतें तें येथें, आणि होळीस अगर पावसाच्या तोंडीं मूल परत वर जातें तेव्हां त्याच्या मृत्यूची नोंद तेवढी मेळघाटांत होते.

म्हणून एवढें करावें. शेजारीं बांधकाम चालू असेल आणि तेथें झोळींत मूल दिसलें, तर आपल्या वॉर्डाच्या अंगणवाडी सेविकेस अगर आशाला त्याची खबर द्यावी, आणि नांव पटावर लागेपर्यंत दोनदां विचारावें. स्थलांतरित मुलासहि तेथला आहार व लस मिळतें. आणि ज्यांस दुपारचा मोकळा वेळ आहे अशा आमच्यासारख्या सेवानिवृत्तांनीं आठवड्यांतून एक दिवस डफरीनला, इर्विनला, अकोल्याच्या लेडी हार्डिंगला अगर सर्वोपचारला जाऊन बसावें. पैसे नेऊं नयेत, उपदेश तर मुळींच नेऊं नये. केसपेपर कोणत्या खिडकीवर मिळतो, रक्ताची तपासणी कोठें होते, मुलाचा वॉर्ड कोणत्या मजल्यावर आहे, हें ज्यास कळत नाहीं अशा एका मातेबरोबर चालत जावें. चरकानें सांगितलेल्या चार गुणांपैकीं शुश्रूषेचें ज्ञान आपल्यास नसेल. उरलेले तीन शिकण्यास वयाची अट नाहीं.